आज धूर नगं

माझ्या माहेरी वर्षातला एक दिवस चूल पेटत नाही. कुठला दिवस, ते ठरलेलं नाही. दसरा उलटला की दिवाळीच्या आत केव्हाही आजी पहाटे उठून अंगणात यायची, आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, "आज धूर नगं." संपलं. मग आदल्या रात्रीच्या बाजरीच्या भाकरी, ठेचा, दही, कांदा. चहासुद्धा नाही. हे चहाचं आप्पांना फार जड जायचं. आप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, तालुक्याच्या कोर्टात कारकून. ते सायकल काढून फाट्यावरच्या हॉटेलात जायचे, दोन कप रिचवून यायचे आणि दारातून आत येताना आजीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "होळकर कवाच गेला, काकू. आता पेटव."

आजी पेटवायची नाही.

आमचं गाव कऱ्हेच्या काठी, जेजुरी आणि मोरगावच्या मधे. आम्ही पाटील नाही, पाटलांच्या भावकीतले. म्हणजे मान त्यांना आणि बांधाची भांडणं आम्हाला. जुन्या घराच्या परसात, गोठ्याच्या मागे, एक पेव होतं. पेव न पाहिलेल्यांसाठी सांगते. पांढरीच्या कडक मातीत खणलेला, रांजणाच्या आकाराचा खड्डा. तोंड एवढंच की एक माणूस खांदे आकसून उतरेल, आत पोट मोठं. तळाला नि कडांना कडब्याचं अस्तर, त्यात ज्वारी, वर पुन्हा कडबा, मग दगडी चीप, चिपेवर माती आणि शेण. सारवलं की पेव कुठं आणि जमीन कुठं ते घरच्यालाच ठाऊक. उघडायचं मात्र जपून. आत कोंडलेली हवा माणूस मारते. एक दिवस तसंच उघडं टाकायचं, मग दिवा सोडून बघायचा, तो विझला नाही तर माणूस सोडायचा. कडेची ज्वारी काळपट पडते आणि तिच्या भाकरीला आंबूस वास येतो. तो वास आवडणारी माणसंही होती, आजी त्यातलीच. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची अशी पेवं होती, २००५ च्या पुरात त्यांतली बरीच गेली. आमचं त्याच्या कितीतरी आधी मोडीत निघालं होतं. माझ्या लहानपणी कोंबड्या पडू नयेत म्हणून त्याच्या तोंडावर दाराची एक तुटकी फळी टाकलेली असायची, आणि त्या फळीवर बसायला आम्हाला सक्त मनाई होती.

या पेवात आमची एक बाई बसली होती. तिला घरात 'पेवातली आई' म्हणतात. तिच्या नवऱ्याचं नाव सांगतात, सासऱ्याचं सांगतात. तिचं नाव कुणालाच येत नाही.

आजी सांगायची ते असं. लष्कर येतंय अशी आवई उठली. तालेवारांनी पाटलाच्या गढीत जागा धरली, बापई माणसं जनावरं घेऊन डोंगराकडं गेली, बाकीची ओढ्याच्या बाभळीत शिरली. पेवातली आई दहा दिवसांची बाळंतीण. ती पळणार कुठं? तिची सासू म्हणाली, तुला सोडून मी जात न्हाई. पेव रिकामं होतं. सासूनं तिला पोरासकट आत उतरवलं, चीप ओढली, वर शेण थापलं. मग घरात जाऊन चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. धूर दिसला की घरात माणूस आहे हे कळतं. स्वतः म्हातारी ओट्यावर जाऊन बसली, हातात माळ घेऊन. आजी हे सांगताना स्वतःच्या हातातली माळ पुढे करायची, जणू तीच ती माळ.

मग स्वार आले. कधी तीन असत, कधी पाच. उतरंडी फोडल्या. जात्याखालची जमीन उकरली. म्हातारीला विचारलं, पेव कुठं? ती म्हणाली, पेव न्हाई. त्यांना ही उत्तरं पाठ होती. एकानं रांजणातलं पाणी घागरीनं आणून परसात ओतायला सुरुवात केली. भुईवर पाणी पसरतं. खाली पोकळ असेल तिथे जिरतं. गोठ्यामागे ते जिरलं.

इथे आजी थांबायची. हा भाग तिला आतून सांगायचा असायचा. पेवात अंधार. पहिल्यांदा वर पावलं वाजली. मग चिपेच्या कडेनं थेंब पडायला लागले, शेणाचं पाणी, आधी केसांत, मग कपाळावर. पोरगं दुधाला लागलेलं. त्याच्या तोंडावर थेंब पडला तर ते दचकून रडेल, म्हणून तिनं त्याच्या तोंडावर हाताचं छप्पर धरलं आणि थेंब मनगटावर झेलले. आजी स्वतःच्या मनगटावर बोट टेकवून दाखवायची: इथं. मग चीप सरकली. एकदम उजेड.

"त्यानं वाकून बघितलं. हिनं वर बघितलं. मागनं कुनी तरी वरडलं, 'हाय का काय?' त्यो म्हनला, 'रिकामं हाय.' आन चीप लोटली."

गोष्ट एवढीच. तो स्वार पुढे कुठे गेला, जगला की मेला, काही नाही. पोरगं जगलं, म्हणून आपण आहोत. मग आजी उठून मांजराला हाकलायची.

ती 'लष्कर' म्हणायची, फार तर 'होळकराचा दंगा'. कुठला होळकर, कुणाशी लढत होता, हे तिला सांगता यायचं नाही, आणि मला शाळेत त्यावर दोन ओळी होत्या. इतिहासाच्या बाईंनी त्या वेळी 'यादवी' हा शब्द फळ्यावर लिहिला होता. कृष्णाच्या कुळातल्या यादवांनी प्रभासला दारू पिऊन एकमेकांना लव्हाळ्यांनी झोडपून संपवलं, त्यावरून आपसातल्या युद्धाला यादवी. वर्गात दोन जाधव होते. त्यांना आठवडाभर चिडवलं, आणि शब्द तेवढा डोक्यात राहिला.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, हडपसरला राहायला आले, आणि मग जे हाती लागेल ते वाचत गेले. भाऊबंदकी कळायला गावाकडच्या माणसाला वेळ लागत नाही. तुकोजी होळकर १७९७ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात वारले. मागे चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव लग्नाच्या बायकोचे. यशवंतराव आणि विठोजी तसे नव्हेत. काशीराव आणि मल्हारराव यांच्यात गादीवरून जुंपली. दौलतराव शिंद्यांनी काशीरावाची बाजू घेतली आणि महिनाभरात भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, मल्हाररावाच्या तळावर रातोरात चालून जाऊन त्याला मारलं. त्याची बायको गरोदर होती. तिला झालेलं पोर पुढे शिंद्यांच्या कैदेत राहिलं. यशवंतराव निसटला, विठोजीही निसटला. विठोजीनं पेशव्यांच्या मुलखात धुमाकूळ घातला, पकडला गेला, आणि १८०१ च्या एप्रिलमध्ये त्याला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायाला बांधून फरफटवून मारलं. दुसरे बाजीराव ते बघत होते.

हे मी एकदा सुट्टीत आजीला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "भावाला हत्तीच्या पायी दिला? मंग त्यो काय गप बसंल?" आणि पुढची पाकळी घेतली. ज्याच्या दंग्यामुळे आपली बाई पेवात बसली, त्याच्या बाजूनं ती इतक्या झटकन बोलली की मला पुढचं वाचायचं सुधरेना.

यशवंतराव गप बसला नाही. १८०२ साली तो खानदेशातून दक्षिणेत उतरला. त्याच्याबरोबर मीर खानाचे पठाण होते, पेंढारी होते, आणि युरोपीय अंमलदारांनी कवायत शिकवलेल्या पलटणी होत्या. त्या पलटणींना तेव्हा 'कंपू' म्हणत. आज आपण ऑफिसातल्या चौघांच्या टोळक्याला कंपू म्हणतो तो शब्द तिथला. शिंद्यांकडेही असेच कंपू होते. दोन्हीकडे तेच साहेब, त्याच तोफा, तीच कवायत, आणि दोन्हीकडे मराठी बोलणारे स्वार. ८ ऑक्टोबरला होळकरांच्या फत्तेसिंग मान्यांनी बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. २५ ऑक्टोबरला हडपसरला मोठी लढाई झाली. घोडदळ कचरतंय असं दिसल्यावर यशवंतराव स्वतः तोफांवर धावून गेला आणि त्यानं दिवस फिरवला. बाजीराव सिंहगडाकडे पळाले, तिथून रायगडाकडे, तिथून कोकणात, शेवटी इंग्रजांच्या जहाजातून वसईला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. त्यात काय गेलं ते सगळ्यांना माहीत आहे.

मला त्यातल्या दोन तारखाच दिसत राहिल्या. १८०२ साली बारामतीची लढाई दसऱ्याच्या आसपास पडते आणि हडपसरची ऐन दिवाळीत. आमचं गाव त्या दोहोंच्या मधल्या मुलखात. दसरा उलटल्यावर, दिवाळीच्या आत. आजीला ना सन माहीत होता ना शक. तिच्या सासूनं तिला एवढंच सांगितलं होतं की दसरा झाला की बघायचं आणि एक दिवस धूर करायचा नाही. दिवस ठरलेला नव्हता, कारण लष्कर कुठल्या दिवशी येईल हे त्या पंधरवड्यात कुणालाच माहीत नव्हतं. असं मी धरून चालते. आप्पांना हे पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, बाजरीची सुगी, बाया दमलेल्या, एक दिवस चुलीला सुट्टी म्हणून कुण्या शहाण्या सासूनं काढलेली युक्ती असेल. तसंही असेल. तसं असेल तर त्या सासूला दंडवत.

आप्पांकडे आमच्या गोष्टीचा दुसरा पाठ होता आणि तो ते आजीच्या माघारी सांगत. आमच्या घरात सुनेला पुतळ्या घालत नाहीत. ठुशी चालते, बोरमाळ चालते, मोहनमाळ चालते. पुतळ्यांची माळ नाही. का, विचारलं की बायका म्हणतात, "आपल्यात चालत न्हाई." आप्पा म्हणायचे, का चालत नाही ते मी सांगतो. पेवातल्या आईच्या गळ्यात पुतळ्या होत्या. बाळंतीण असली तरी दागिने घालून उतरली होती, कारण घरात ठेवले तर जाणार. त्या स्वाराला उजेड पडल्याबरोबर काय दिसलं असेल? बाई नंतर, आधी सोनं दिसलं. तिनं माळ काढून वर दिली किंवा त्यानं हात घालून घेतली. साथीदारांना सांगितलं असतं तर वाटणी करावी लागली असती. म्हणून 'रिकामं हाय'. कोर्टात तीस वर्षं बसलोय, आप्पा म्हणायचे, माणूस खोटं बोलला की आधी त्याचा फायदा बघावा.

मी तेव्हा विशीत होते आणि मला हा पाठ फार आवडला. चलाख वाटला. आजीला मुद्दाम विचारलं, पुतळ्या गेल्या का गं त्या वेळी? आजीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आप्पा बोलला व्हय?" मग बराच वेळ काही नाही. मग: "गेल्या आसतील. जीव ऱ्हायला न्हवं?"

पुतळी हे नाणंही मूळचं व्हेनिसचं. त्यावर उभी माणसं कोरलेली, म्हणून आपण तिला पुतळी म्हटलं आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. हे मला कळलं तेव्हा आप्पा हयात नव्हते, नाही तर त्यांना आवडलं असतं: इटलीचं सोनं, कऱ्हेकाठची बाई, होळकराचा स्वार.

आता त्या स्वाराबद्दल. तो कोण होता, हे आजी दर वेळी वेगळं सांगते हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. दिवाळीच्या सुमाराला फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या रानात यायचे. मेंढरं शेतात बसवायची, लेंडी-मुताचं खत होतं, त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचं. त्या धनगरमामाची बायको ओसरीवर बसली असेल आणि विषय निघाला, तर स्वार धनगराचा पोरगा असायचा, कपाळाला जेजुरीचा भंडारा. "त्येंच्याच जातीचा," आजी तिच्याकडे हात करून सांगायची, "खंडोबाला भिऊन ऱ्हाणारं मानूस, त्यो काय बाळंतिणीला हात लावतोय?" ती बाई खूश होऊन जास्तीचं लोकर द्यायची. आणि मुलाणीचाची आली असेल तर तोच स्वार पठाण व्हायचा. लांब दाढी, 'खाली है' म्हणाला. "पाच येळा नमाज पडणारं मानूस," आजी म्हणायची. एकदा आमच्या घरी एक सरकारी ग्रामसेवक जेवायला होता, कुठल्या तरी राजपूत घराण्याची टिमकी वाजवणारा. त्या दिवशी स्वार रजपूत झाला होता हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मला आधी याचा राग यायचा. इतिहास म्हणजे काय पाहुण्याला द्यायचा पानसुपारीचा विडा आहे का? आता वाटतं, त्या फौजेत हे सगळेच होते. आजीनं कुणालाच चुकीचं सांगितलं नाही. पण ज्यांनी उतरंडी फोडल्या, पाणी ओतलं, मागून ओरडले, ते चौघं कुठल्या जातीचे होते हे तिनं कधी कुणालाच सांगितलं नाही.

होळकरांचं मूळ गाव होळ, नीरेच्या काठी, आमच्या गावापासून फार लांब नाही. जेजुरीचा खंडोबा त्यांचं कुलदैवत, आणि गडाच्या बांधकामात त्यांचा मोठा हात. आमचंही कुलदैवत तेच. म्हणजे ज्या देवापुढे आमच्या म्हातारीनं ओट्यावर बसून माळ ओढली, त्याच देवाचा येळकोट करत ती फौज बारामतीहून निघाली असणार. देवानं त्या दिवशी कुणाचं ऐकलं, हा प्रश्न मी एकदा घरात मोठ्यानं विचारला. आई म्हणाली, "दोघांचंबी. म्हनून तर कुनी मेलं न्हाई." आई बाराही महिने अशीच बोलते.

आजी गेल्यानंतर काही वर्षांनी माझ्या चुलतभावानं, आप्पांच्या धाकट्यानं, असा प्रश्न काढला की तो इतकी वर्षं कुणाला का सुचला नाही याचं नवल वाटतं. तो शेती करतो, इतिहास वाचत नाही. त्या वर्षी तो परसात नवा गोठा बांधत होता आणि पेवाचं तोंड बुजवायला मुरमाची ट्रॉली मागवली होती. आम्ही दोघं काठावर उभे होतो. तो म्हणाला, "ताई, पेव रिकामं कसं काय होतं?"

मला कळेना.

"आगं, शाळू निघतो माघ-फाल्गुनात. पेव भरायचं चैत्रात. आश्विनात पेव रिकामं म्हंजे काय? निम्मं तरी पाहिजे. खालची ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत पुरवायची असती. आणि पेरायचं बी?"

मी म्हणाले, आदल्या वर्षी पीक आलं नसेल.

"नसंल. न्हाई तर आधी कुणी तरी नेलं."

कुणी नेलं असेल, हे मग आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो. होळकर येतोय म्हणून पेशव्यांची फौज बारामतीकडे गेली ती याच मुलखातून. फौज म्हणजे घोडी, बैल, उंट, बाजारबुणगे. त्यांना दाणा-वैरण वाटेवरच्या गावांनीच पुरवायची. ती फौज आपलीच, तेव्हा पाणी ओतून पेव शोधायची गरजही नाही. गावकामगार सोबत घेऊन यायचं आणि उघड म्हणायचं. पुढे बारामतीला मार खाऊन तीच माणसं उलट आली तेव्हा उपाशीही असणार. पुण्याच्या लोकांना हे नवं नव्हतं. होळकर यायच्या चार वर्षं आधी शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी शहरातल्या सावकारांना तापलेल्या तोफांना बांधून पैसे काढले होते, आणि तेव्हा शत्रू म्हणावा असा कुणी शंभर कोसांत नव्हता.

आमच्या घराच्या गोष्टीत आपल्या फौजेचं नावही नाही. पेव कुणी रिकामं केलं हे विसरलं गेलं. उघडून कुणी बघितलं ते तेवढं राहिलं. त्याला तोंड होतं, डोळे होते, तो वाकला होता.

"मग त्यो खोटं बोललाच न्हाई," भाऊ म्हणाला. "त्याला दाणं पायजे हुतं. पेवात दाणं न्हवतं. रिकामं हाय म्हनला."

मी त्याच्याकडे बघत राहिले. आजीचा दयावान स्वार, आप्पांचा चोर स्वार, आणि हा तिसरा: भुकेला, कामाला जुंपलेला, वरच्याला खरं उत्तर देणारा. धान्य शोधायला पाठवलेल्या माणसाला पेवातली बाई म्हणजे धान्य नसलेलं पेव.

"पण चीप परत का लावली?" मी विचारलं. मला वाटलं, इथे तो अडकेल. रिकामं पेव लुटारू झाकून कशाला ठेवील?

भाऊ मुरमाच्या ट्रॉलीकडे बघत होता, ती उलटी घेताना ड्रायव्हर कुंपणाला लागत होता. त्याला हात करत तो म्हणाला, "उघडं पेव कोन ठेवतंय? रात्रीचं जनावर पडलं म्हंजे? शेतकऱ्याचा पोरगा आसंल. हात आपसूक जातो."

मुरूम पडायला लागला. पहिल्या फावड्यांना आतून पोकळ आवाज येत होता, मग तो बंद झाला.

त्या गोष्टीतलं जे कुणी सांगत नाही ते पुढचं वर्ष. होळकर १८०३ च्या सुरुवातीला पुण्यातून निघून गेले, इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली एप्रिलमध्ये शहरात आला, मे महिन्यात बाजीराव परत गादीवर बसले. आणि पाऊस पडला नाही. १८०३-०४ चा दुष्काळ पुणे आणि नगरच्या मुलखात असा पडला की गावंच्या गावं उठली. शेतं पेरायला बी नाही, बैल फौजांनी नेलेले, आणि वर आभाळ कोरडं. आमच्या पेवातल्या आईनं ते वर्ष कसं काढलं असेल? तिच्या मांडीवरचं पोर तेव्हा वर्षाचं, नुकतं पावलं टाकत असेल. ती म्हातारी सासू त्यातून वाचली का? आमच्या घरात यातली एक ओळही उरलेली नाही. पाच माणसं परसात पाणी ओतून गेली त्याची गोष्ट झाली, दिवस पाळला गेला, दागिना बंद झाला. वर्षभराची उपासमार कुणी कुणाला सांगितली नाही. आजी ताटात भाकरीचा तुकडा राहिला की ज्या आवाजात ओरडायची तो आवाज कदाचित तिकडून आला असेल. मला नक्की सांगता यायचं नाही. सगळ्याच आज्या ओरडतात.

यशवंतराव पुढे इंग्रजांशी एकटा लढला आणि १८११ साली भानपुऱ्याला वारला. आता त्याचे पुतळे उभे राहतात, मिरवणुका निघतात, आणि निघायलाही हव्यात. आमच्या गावात अशी एक मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा आईनं पाण्याचे जग भरून ओट्यावर ठेवले होते. मी म्हटलं, अगं, होळकरांची मिरवणूक आहे. ती म्हणाली, "मंग? तहान लागती की."

आई आता थकली. पुण्यात माझ्याकडे असते. गेल्या दसऱ्यानंतर एका सकाळी बाल्कनीत उभी राहून मगरपट्ट्याच्या उंच इमारतींकडे बघत म्हणाली, "आज धूर नगं." माझ्याकडे पाइपचा गॅस, वर चिमणी, धूर असा होत नाहीच. तरी आम्ही त्या दिवशी काही पेटवलं नाही. नवऱ्यानं कॉफी मायक्रोवेव्हमध्ये केली आणि विचारलं, हे चालतं का? आईनं विचार केला. म्हणाली, "दिसत न्हाई ना बाहिरनं? चालतंय."

याच माघात भाच्याचं लग्न झालं. होणारी सून आयटीतली, हौशी. तिला नऊवारी नेसायची होती, खोपा घालायचा होता, आणि गळ्यात पुतळी हार हवा होता. तो सध्या जोरात आहे. तिच्या आईनं साखरपुड्यालाच विषय काढला आणि आमच्याकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मोठी काकू म्हणाली, आमच्यात चालत न्हाई. का, ते तिला सांगता येईना. मग मी सांगितलं, पेवापासून, थेंबांपासून, आप्पांच्या पाठासकट. पोरीनं सगळं नीट ऐकलं. तिच्या अंगावर काटा आलेला दिसत होता. तरी ती म्हणाली, "पण मी ऑर्डर केलाय ऑलरेडी."

खोलीत शांतता. आई कोपऱ्यात खुर्चीवर होती, तिला कमी ऐकू येतं म्हणून आम्ही तिला धरलंच नव्हतं. तिनं विचारलं, "सोन्याचा हाय का?"

"नाही आजी, वन ग्रॅमचा. इमिटेशन."

"मंग घाल की," आई म्हणाली. "खोट्याला कोन लुटतंय."